तीन लिटर हवा

ताईने पंपाचा दांडा शेवटपर्यंत दाबला, पडद्यावरचा आकडा वाचला आणि दांडा पुन्हा मागे ओढला. दुसऱ्यांदा सावकाश दाबला, तिसऱ्यांदा एकदम. मोठ्या पिचकारीसारखा तो पंप सकाळीच खोक्यातून निघाला होता आणि त्याला एकच काम येत होतं. बरोब्बर तीन लिटर हवा यंत्रात ढकलायची, ना कमी ना जास्त. यंत्र मात्र दर वेळी साडेतीन दाखवत होतं.

तिने नळी बदलली, यंत्राची जाळी पुसली, खिडकी लावून घेतली. साडेतीन.

त्या यंत्राला संस्थेत सगळे फुंकणी म्हणत. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत धरायची आणि एका दमात सगळं सोडून द्यायचं. फुप्फुसांतून किती हवा निघाली ते फुंकणी लिटरमध्ये सांगे. अंगणापलीकडच्या शेडमध्ये डोंगरातला काळा दगड दळला जाई. त्याची धूळ परग्रहावरच्या मातीशी इतकी मिळतीजुळती होती की यानांची चाकं आणि अंतराळवीरांचे पोशाख तिच्यावर घासून बघत, आणि दूरदूरच्या प्रयोगशाळा ती पिंपं भरभरून मागवत. शेडमधल्या कामगारांना सगळे मंगळवाले म्हणत. मंगळावर अजून कुणी गेलेलं नाही, पण आम्ही रोज संध्याकाळी तिथून घरी येतो, असा त्यांचाच एक विनोद होता.

दगडाची धूळ छातीत बसते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ही धूळ बसते का, एवढाच प्रश्न होता. तीन वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी तो हाती घेतला आणि दर महिन्याला प्रत्येक मंगळवाल्याला फुंकणीपुढे बसवायचं काम ताईकडे दिलं. ताई प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं होती. पहिल्याच वर्षी जुन्या पंपाचं रबर फाटलं. नवा मागवला, तो काही येईना. पंपाशिवाय फुंकणी खरं बोलते की खोटं ते कळायचं कसं, असं ताईने विचारलं तेव्हा डॉक्टर हसले होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणाले. ताईने जन्मात विडी ओढली नव्हती, कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवली होती आणि तिचा श्वास केव्हाही मोजा, चार लिटर भरे. तिला संस्थेत चारलिटर म्हणत, ते उगीच नाही. तिने रोज सकाळी आधी स्वतः फुंकायचं. चार आले तर यंत्र ठीक. कमी आले तर यंत्राची कळ केसभर वर सरकवायची, चार येईपर्यंत.

यंत्रंही म्हातारी होतात. जाळीत धूळ जाते, स्प्रिंगा ढिल्या पडतात. ताईने कळ केसभर सरकवली, काही महिन्यांनी आणखी केसभर. आपण इतक्या पक्क्या आहोत की आपल्यावरून यंत्र लावतात, याचा तिला अभिमान वाटे आणि तो ती लपवतही नसे. मंगळवाल्यांचे आकडे तीन वर्षं जवळजवळ जागच्या जागी राहिले. थोडी घट दिसली ती वयाच्या नावावर टाकली गेली. डॉक्टरांचा निबंध छापून आला, परदेशातून अभिनंदनं आली. माणसांच्या आरोग्याची काळजी करणारे आणि ग्रहांवर माणसं पाठवू बघणारे, दोघेही खूश झाले. शेडमधले जाड मुखवटे गेले आणि त्यांच्या जागी कापडी पट्ट्या आल्या, कारण मुखवट्यात घाम येतो आणि काम मंदावतं. आता शेजारी दुसरी शेड उभी राहत होती.

ताईने कळ खाली आणायला सुरुवात केली. थोडी आणली, पंप दाबला. आणखी थोडी आणली, पंप दाबला. फुंकणी तीन म्हणाली तेव्हा कळ जिथे तीन वर्षांपूर्वी होती तिथे, पुसट झालेल्या खुणेवर, येऊन थांबली होती. मग तिने नवी नळी लावली, खुर्चीत ताठ बसली आणि फुंकलं. पोट आत गेलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, शेवटची हवा निघेपर्यंत तिने ओठ सोडले नाहीत.

आकडा तीनच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

ती घाबरली. सर्दी आठवून पाहिली, सर्दी नव्हती. वय आठवून पाहिलं, वयाने एवढं जात नाही हे तिला पाठ होतं. गज आखूड होत गेला होता आणि त्या गजाने मोजलेलं कापड दर वेळी पुरेपूर भरलं होतं. तिचा श्वास कमी होत होता तसतशी ती यंत्राला दटावत होती, आणि यंत्र बिचारं सगळ्यांनाच फुकटचं वाढवून देत होतं. आणि तिचा श्वास घटला होता तो अंगणाच्या अलीकडे, बंद खोलीत बसून. पलीकडे धुळीत उभे राहणाऱ्यांचं काय झालं असेल याचा हिशेब तिने मनात करायला घेतला आणि पुरा केला नाही.

मोठे डॉक्टर नव्या शेडच्या सोमवारच्या उद्घाटनाचं भाषण वाचत होते. ताईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या बायकापोरांची नावं त्यांना माहीत असत, आणि औषधं ते स्वतःच्या खिशातून देत.

"पंप सदोष असू शकतो," ते म्हणाले.

"मीही फुंकून बघितलं, डॉक्टर. माझे चार नाही येत."

"वय होतं, ताई."

"मग तीन वर्षं ते का धरलं नाही?"

त्यांनी भाषणाचे कागद सारखे केले. मग म्हणाले की सोमवारी बाहेरची माणसं येणार आहेत, शेड उभी राहिलीय, साठ जणांना नवीन काम मिळतंय. सोमवार जाऊ दे. मग पंप तपासायला पाठवू, रीतसर पुन्हा मोजू, चूक निघाली तर चूक छापू. बोलता बोलता त्यांना खोकला आला. त्यांनी तो रुमालात दाबला आणि पाण्याचा पेला पुढे ओढला.

"तोवर यंत्र तुमच्या आकड्यावर लावा," ते पेल्याकडे बघत म्हणाले.

ती खोलीत परतली तेव्हा तिचा धाकटा भाऊ खुर्चीत बसून होता. आज त्याची पाळी होती हे ती विसरलीच होती. आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता, पुढचं सगळं ताईने केलं. शेडमध्ये नोकरी लागत होती तेव्हा तो तिला विचारायला आला होता. दुसरीकडे गोदामात पगार कमी होता, पण धूळ नव्हती. ताई, खरं सांग, म्हणाला होता. आणि तिने आकडे बघून सांगितलं होतं की डोळे मिटून जा.

"आज मला तुझ्यापेक्षा जास्त काढायचेत," तो म्हणाला. दर महिन्याला हेच म्हणायचा.

तिने नळी दिली. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं, छाती भरून घेतली आणि फुंकलं. फुंकता फुंकता त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या. तिने आकडा बघितला आणि त्याला पुन्हा फुंकायला लावलं. दुसरा आकडा पहिल्याहून कमी आला. तीन लिटरही नव्हते. तिच्याहून उंच, तिच्याहून दहा वर्षांनी लहान माणूस.

धाकट्याने मान तिरकी करून पडदा वाचला आणि हसला.

"मशीन उतरलंय तुझं. लाव की तुझ्या चारवर."

ताईचा हात कळीपर्यंत गेला. अगदी सवयीने गेला. केसभर, आणखी केसभर, आणि धाकटा पुन्हा धडधाकट होऊन हसत कामावर गेला असता, सोमवार गेला असता, पुढचा महिनाही. तिने हात मागे घेतला, पंप यंत्राला जोडला आणि त्याच्या देखत दाबला. तीन. मग नवी नळी लावून ती स्वतः फुंकायला बसली. तो बघत राहिला.

"हे तुझे?" त्याने विचारलं.

"हो."

"मग आजपर्यंतचे?"

"आजपर्यंत मी कळ वर सरकवत होते. यंत्र बिघडलंय असं समजून."

त्याला समजायला वेळ लागला नाही. दगड दळणारा माणूस, वजनकाट्यात खोट असली की माल कसा भरतो हे त्याला तिच्याहून चांगलं माहीत होतं. त्याने शर्टाचं बटण लावलं. तो आपल्यावर चिडेल असं तिला वाटलं, चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आज शेडमध्ये आणलंय मी त्याला," तो म्हणाला.

"कुणाला?"

"बायकोच्या भावाला. गोदाम सोडायला लावलं मी. तो नको म्हणत होता, पोरं लहान आहेत म्हणाला. मी म्हटलं, माझी बहीणच मोजते तिथे."

बोलता बोलताच तो उठला. ताईने थांब म्हटलं, पण तो दारातून बाहेर पडला होता आणि जिना उतरत होता. ती खिडकीशी आली. खाली अंगणात तो पळत सुटला. शेडचं दार सताड उघडं होतं, आत दिवे लागलेले होते आणि दिव्यांभोवती करड्या धुक्यासारखं काहीतरी तरंगत होतं. त्यात कापडी पट्ट्या बांधलेली माणसं ये-जा करत होती. त्यांतला नवा कोणता ते इथून ओळखू येत नव्हतं.

अर्ध्या अंगणातच धाकट्याचं पळणं चालण्यावर आलं. मग तो उभा राहिला. वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आणि त्याची पाठ वरखाली होताना ताईला वरून दिसत राहिली.

तिने खिडकी उघडली आणि दळणयंत्र बंद करा म्हणून ओरडली. कुणी वर पाहिलं नाही. तिने पुन्हा श्वास घेतला.