चार सेकंदांचे संत

फोटोवाल्याच्या दुकानासमोर सकाळी सातलाच रांग लागली होती. दुकान उघडायचं नऊला. पण लोकांना दम कुठे होता? जो तो चपला काढून पुढे येई आणि काचेमागच्या एका फोटोला हात जोडी.

फोटो होता प्रार्थनेच्या सभागृहातला. थोरले बुवा जाऊन वर्ष झालं, त्यांच्या स्मरणाच्या दिवशी काढलेला. शंभरेक माणसं डोळे मिटून बसलेली, अगदी स्पष्ट. आणि बुवांच्या रिकाम्या आसनाशेजारी, काळ्या पडद्यासमोर, एक पांढरी, आरपार दिसणारी आकृती वाकून उभी. चेहरा पुसट. डोक्याभोवती तेजाचं वलय. पाय नव्हतेच, आकृती चांगली हातभर अधांतरी तरंगत होती.

थोरले बुवा गात गात प्रवचन करायचे. त्यांनी तान घेतली की वर्षभर अबोला धरलेले भाऊ एका बाकावर सरकून बसत. असा माणूस परत आला याचं कुणाला नवल वाटलं नाही. इतके दिवस लावले कसे, एवढंच वाटलं.

फोटोवाल्याची छाती तर चार बोटं फुगली. तीस वर्षं ओळखपत्रांसाठी लोकांचे घाबरलेले चेहरे टिपून झाल्यावर पहिल्यांदाच कुणी त्याला आदराने खुर्ची देत होतं. बटण दाबताना बोट आपोआप थरथरलं, असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या थरथरीला सुगंध आला. पाचव्या दिवशी त्यात घंटाही वाजू लागल्या. खरं म्हणजे त्या क्षणी त्याच्या पाठीला खाज सुटली होती. पण मुलाखतीत असं कोण सांगतं?

शेजारचा फ्रेमवाला मात्र फुगण्यात वेळ घालवणारा नव्हता. त्याने फोटोच्या प्रती आणि फ्रेमा दारात मांडल्या आणि आवाज लावला.

"साध्या फ्रेमेत नुसतं दर्शन, सोनेरी फ्रेमेत कृपा. आणि पथ्य एकच पाळायचं, मावशी. कृपा आणि औषध एका घरात नांदत नाहीत. गोळी घेतली म्हणजे संशय घेतला, आणि संशय घेतला की आकृती पुसट होते."

आकृती मुळातच पुसट आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फोटोवाल्याच्या आलं होतं. तो पुढची मुलाखत द्यायला गेला.

सोनेरी फ्रेम त्याच्या ताईनेही नेली. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. लोकांचे कपडे शिवून पहिला कॅमेरा तिनेच घेऊन दिला होता. नवव्या दिवशी तो सहज तिच्याकडे डोकावला, तर ताई डोकं धरून बसलेली, उठताना भिंतीला धरत होती. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं फ्रेमच्या मागे, जशीच्या तशी. त्याने घाईघाईने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दाब मोजला आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आजच्या आज गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर अर्धांगवायू व्हायला वेळ लागणार नाही.

त्याने विनवलं, रागावून पाहिलं, पाया पडला. ताई शांतपणे म्हणाली, "तूच ना रे सांगितलंस, सुगंध आला म्हणून?"

तो तसाच दुकानात आला. पंधरा दिवस माहेरी गेलेली बायको नुकतीच परतली होती. संगणकावर गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या पुसण्याचं काम तिचं. फोटोत तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिने आकृती मोठी केली, मान तिरकी करून पाहिली आणि विचारलं, "अहो, संतांच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी कशाला?"

मग तिने वलयावर बोट ठेवलं. "आणि हे टक्कल मी रोज बघते."

फोटोवाल्याने आपल्या डोक्यावरून हात फिरवला. सगळं आठवलं. ध्यानाच्या वेळी फ्लॅश नको, असं बजावलेलं. म्हणून त्याने कॅमेरा तिवईवर ठेवून शटर चार सेकंद उघडं टाकलं होतं. तेवढ्यात आसनाजवळचा पाण्याचा पेला वाकडा दिसला. वाकडं काही त्याला बघवत नसे. अनोळखी माणसांच्या कॉलरीदेखील तो सरळ करी. चवड्यांवर जाऊन, पेला नीट करून तो परत आला आणि विसरूनही गेला.

त्याच संध्याकाळी प्रवचन होतं. त्याने ताईला हाताला धरून सभागृहात नेलं. धाकट्या बुवांना, म्हणजे थोरल्यांच्या मुलाला, त्याने सगळं सांगितलं. बुवांनी गाणं थांबवून त्याला पुढे बोलावलं. दिवे मंद केले; आसनावरचा तेवढा चालू ठेवला.

"ताई, बटण तू दाब," तो कॅमेरा तिवईवर चढवून म्हणाला आणि पुढे जाऊन वाकला, पेला सरळ केला, परतला.

गाण्याचे शब्द ज्या पडद्यावर दाखवत त्यावर फोटो उमटला. वाकलेले संत, तेजोवलयासकट. तो समजावू लागला. तो अर्धाच वेळ तिथे होता, म्हणून आरपार दिसला. पांढरा सदरा उमटला. काळी पँट काळ्या पडद्यात बुडाली, म्हणून पाय गेले. वलयाचं कारण सांगायची वेळ आली तेव्हा त्याने नुसतं दिव्याखाली डोकं वाकवलं. सगळं सभागृह हसलं.

"सुगंध नव्हता," तो म्हणाला. "घंटाही नव्हत्या. मोठेपणासाठी खोटं बोललो मी."

फ्रेमवाल्याने मागून विचारलं, उरलेल्या फ्रेमांचं काय करायचं? डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठ्या लावा त्यात, असं कुणीतरी सुचवलं.

धाकटे बुवा मात्र गंभीर होते. "बाबा परत आलेच असते, तर गायले असते. पेला सरळ करून मुकाट्याने गेले नसते. देवाला गाण्यात भेटा, माणसांत भेटा. पण गोळीच्या वेळी गोळी घ्या. आणि पुन्हा कुठे चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी विचारा, शटर किती वेळ उघडं होतं."

ताई अजून पडद्याकडेच बघत होती. "म्हणजे नऊ दिवस मी तुझ्या पाया पडत होते?"

"हो, ताई."

"शेंबूड पुसलाय मी तुझा."

तिने हात पुढे केला. त्याने खिशातून गोळी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. ताईने आसनाजवळचा तोच पेला उचलला, गोळी गिळली आणि पेला परत ठेवला, वाकडा.

फोटोवाल्याचे हात शिवशिवले. पण त्याने ते खिशातच ठेवले.