नळ नसलेलं शहर

काचेवर आतल्या बाजूने बाष्प धरलं होतं, त्यामुळे शेवटचा आकडा आठ की तीन ते काही कळेना. तिने अंगठ्याने काच पुसली — बाष्प आतून, पुसतेय बाहेरून, पण रोज पुसतेच मी, सवय मेली — आणि मग टॉर्च तिरका धरून, एक डोळा मिटून, पाण्याच्या त्या मीटरशी अगदी तोंड नेऊन पाहिलं. आठ. वहीत आठ लिहिला. अठरा वर्षं शहरातल्या जिन्यांखाली अशी वाकून वाकून कंबर कामातून गेली होती, आणि संपादिकाबाई विचारत होत्या, तुमचं शहर खरं की काल्पनिक?

आज पाचच्या आत सांगायचं होतं. कादंबरी त्यांनी स्वीकारली होती. जुन्या इमारतींच्या जिन्यांत अदृश्य माणसं राहतात अशी अद्भुत गोष्ट, चार वर्षांच्या रविवारांची. पण पहिली सहा प्रकरणं मनाने रचलेल्या शहरात — तीन चंद्र, काचेचे पूल, सगळा थाट — आणि पुढे कधीतरी, तिच्याही नकळत, खऱ्या गल्ल्या आत घुसलेल्या. "दोन्ही डगरींवर हात नका ठेवू," बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "काल्पनिक असेल तर चित्रकाराकडून नकाशा काढून घेते. खरं असेल तर नकाशा नको, पण मग पत्ता चुकून चालणार नाही. आज कळवलं नाहीत तर पुस्तक यंदाच्या यादीतून जाईल." यंदा गेलं की गेलंच, हे दोघींनाही ठाऊक होतं.

काल्पनिकच. तिने सकाळी केस विंचरताना ठरवूनही टाकलं होतं. खऱ्या शहरात कुणीतरी निवृत्त गृहस्थ हटकून पत्र लिहिणार की औषधाचं दुकान पुलाच्या डावीकडे नसून उजवीकडे आहे. माझ्या शहरात औषधाचं दुकान मी म्हणेन तिथे, आणि कुणाची बिशाद आहे? असं ती सगळ्यांना हसत हसत सांगायची, आणि ते खरंही होतं... तेवढंच खरं असतं तर किती बरं झालं असतं.

पुढची गल्ली खरं म्हणजे टोपीची. टोपी म्हणजे तिचा सहकारी, टक्कल झाकण्याच्या नादात खरं नावच हरवून बसलेला. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून ही गल्ली तिने त्याच्या गळ्यात मारली होती. आज नेमका दात काढून टोपी रजेवर. म्हणून चार मजले, लिफ्ट नाही, आणि चौथ्यावर ताईचं दार. या घरात आई शेवटचे चौदा महिने होती आणि त्या चौदा महिन्यांत एकदाही खाली उतरली नाही. सगळं ताईने केलं. ही महिन्यातून एकदा यायची, फेरीच्या दिवशी, वही काखेत धरूनच बसायची.

"टोपी मेला की काय?" ताईने दार उघडताच विचारलं.

"दात काढलाय त्याने."

"मग बरंय. ये."

मीटर स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली. तिने आकडा घेतला, उठली, तर ओट्यावर तिचीच पहिली सहा प्रकरणं, आठ महिन्यांपूर्वी वाचायला दिलेली, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेली. म्हणजे वाचलीत. संपादिकाबाईंना ती घाबरत नव्हती, ताईला घाबरत होती.

"एक विचारू? रागावू नकोस," ताई म्हणाली. "तुझ्या त्या शहरात पाणी कुठून येतं गं?"

"म्हणजे?"

"अगं, सहा प्रकरणांत एका घरात नळ नाही! चंद्र तीन-तीन, आणि माणसं तोंड कुठे धुतात? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर समजले असते. तूच, आणि नळ विसरलीस?"

तिने आठवून पाहिलं — पहिलं प्रकरण, दुसरं, राजवाडा, पूल — खरंच की! एक नळ नाही, एक टाकी नाही, जिन्यात कुठे ओल नाही... अगं बाई! दोघी हसायला लागल्या, ताई तर ओट्याला धरून, आणि हसता हसता ताईने पदराने डोळे पुसले ते जरा जास्तच वेळ.

"आणि त्या गोष्टीत आई खिडकीतून उडून जाते म्हणे. छान लिहिलंयस. पण आईला उडायचं नव्हतं गं. तिला खाली जायचं होतं. कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसायचं, बस्स, एवढंच. रोज म्हणायची."

"मला कधी बोलली नाही."

"तू अर्धा तास यायचीस."

ताई हे रागाने म्हणाली नाही. किती वाजले ते सांगावं तसं म्हणाली, आणि तेच झोंबलं. रागावली असती तर भांडता आलं असतं.

जिन्यात आल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली. दार बंद असलं, कुणी उघडलं नाही, तर वहीत काय लिहायचं याचा नियम आहे: मागच्या महिन्यांची सरासरी. आत कुणी आजारी असो, पाहुणे असोत, नळ रात्रंदिवस वाहत असो — सरासरी. कुणी तक्रार करत नाही, कारण सरासरी चूक ठरतच नाही. आणि ती सहा प्रकरणं... सहाच्या सहा सरासरीने लिहिलेली! दार ठोठावलंच नव्हतं मी. पुलावर काच, आकाशात चंद्र, आणि आईला पंख — एका वाक्यात उडवून दिली तिला, लिहिताना रडलेसुद्धा, आणि ते रडणंही बहुधा सरासरीच. लाज वाटली, कान तापेपर्यंत वाटली. पण त्या लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे कळलं तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली.

उडायला काय लागतं? एक वाक्य. पण हे चार मजले — दर वळणाला पंधरा पायऱ्या, तिसऱ्यावर हलणारा कठडा, दुसऱ्यावर तावदान नसलेली खिडकी — हे आईने उतरणं, गुडघे तसे असताना, याला जादूच लागते. अख्खं प्रकरण लागतं. जिन्यातली ती अदृश्य माणसं इथेच तर हवीत — एकाने कोपर धरायचं, दुसऱ्याने हलता कठडा घट्ट आवळून धरायचा, तिसऱ्याने वळणावर स्टूल सरकवायचं. चार वर्षं ती बिचारी काचेच्या पुलांवर बिनकामाची फिरत होती! आणि या शहरातल्या प्रत्येक जिन्याची पायरी न् पायरी कुणाला पाठ आहे? मला. त्या निवृत्त गृहस्थांना म्हणावं, लिहा पत्र. या, चूक काढाच!

तिने तिथूनच फोन लावला.

"खरं शहर," ती म्हणाली. "नकाशा नको."

"नक्की? पहिली सहा प्रकरणं फेकावी लागतील," संपादिकाबाई म्हणाल्या. "दीड महिन्यात नवीन लिहून होतील?"

"माहीत नाही."

"आणि गल्लीतल्या लोकांनी ओळखलं तर?"

"ओळखू देत की! ओळखलं नाही तर वाईट वाटेल."

बाई म्हणाल्या, दीड महिना, एक दिवस वर नाही.

वहीतली सात घरं राहिली होती. ती उतरायला लागली, अगदी सावकाश, कठड्याला हात लावत, कारण प्रकरण सुरू झालं होतं. आई उंबरा ओलांडून बाहेर आली होती. पहिल्या पायरीवर डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. दुसऱ्याच्या खिडकीशी तिला धाप लागली आणि ती स्टुलावर बसली. पुढच्या पायऱ्या तिला जमतील का, रस्त्यापर्यंत मी तिला आणू शकेन का, खरंच ठाऊक नव्हतं — पण छातीत मावणार नाही इतका आनंद झाला होता की तीही आईशेजारी पायरीवर टेकली, वही बाजूला ठेवून.

बस आई, दम खा. मी थांबलेय.