निरांजनाजवळची पावती

मित्रांनो, माझ्याजवळ फार तर तासभर उरला आहे, तेव्हा भराभर सांगते. मी एक जुने फॅक्स मशीन आहे. सध्या जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या वेर्टस्टॉफहोफमध्ये, म्हणजे गावाच्या भंगार-केंद्रात, एका जाळीच्या पेटीत दोन टोस्टरांच्या मध्ये पडले आहे. माझ्या पोटात एक बारकीशी बॅटरी आहे. वीज तुटली की तिच्या जोरावर मला तासभर सारे आठवते. नंतर पाटी कोरी.

माझा जन्म कुठे झाला ते पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिले होते, पण ती कधीच निघून गेली. तीस वर्षांपूर्वी श्यामकांतकाकांनी मला विकत आणले. काका मूळचे सांगलीचे, झिंडेलफिंगेनला गिअरबॉक्सचे आराखडे करणारे इंजिनिअर. दिवसा मी त्यांच्या आराखड्यांची ने-आण करीत असे आणि रविवारी सांगलीच्या फोन-फॅक्स बूथवरून घरची खबर आणत असे. पुतण्याच्या बारशाचे आमंत्रण माझ्यातूनच आले. काकांचे वडील गेल्याचेही मीच सांगितले. शोभनाकाकू मला रोज फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "हे आमचं घरातलं पोस्ट ऑफिस."

एक खोट मात्र माझ्यात जन्मापासून आहे. मला शाई लागत नाही, माझ्या कागदावर अक्षर उष्णतेने उमटते. वर्षे सरली की ते विरते, आणि कागदाला शेक लागला तर तो काळा होतो. काकूंनी साडीच्या खोक्यात जपलेले ते बारशाचे आमंत्रण आज पांढरेफटक आहे.

पुढे फोन शहाणे झाले आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे माझी वायर तेवढी विजेला जोडलेली राहिली, म्हणून आठवणी टिकल्या. एका बाजूला गाडीचे बर्फात लावायचे हिवाळी टायर, दुसऱ्या बाजूला गणपतीचे मखर. मखराला निदान वर्षातून एकदा वर नेत. मला कोणी विचारीना. राग आला होता, आता खोटे कशाला बोलू!

मग मार्चमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, तळघरातला दिवा लागला. काकांनी मला उचलून वर नेले. दिवाणखान्यात वरच्या मजल्यावरची ईश्वरी बसली होती. पुण्याहून येऊन तिला जेमतेम वर्ष झाले होते. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

झाले होते असे. दोन आठवड्यांपूर्वी बाजारपेठेतल्या एका स्टॉलवर तिने नव्या फिटनेस क्लबचे सदस्यत्व घेतले होते, नवरा-बायकोसाठी, दोन वर्षांचे. क्लब अजून उघडायचाच होता. नवऱ्याची, कपिलची साखर वाढली होती, त्याला वाढदिवसाला चकित करायचे होते. आणि सहाव्या दिवशी कपिलला प्रोबेत्साइटमध्येच, म्हणजे उमेदवारीच्या काळातच, नोकरीवरून काढले. तेव्हापासून तो भिंतीकडे बघत बसे. नवी नोकरी मिळेपर्यंत शिलकीवर घरभाडे भागवायचे होते, आणि त्याच शिलकीतून आता दर महिन्याला क्लब आपला वाटा ओढणार होता. कपिलला तिने यातले अक्षरही सांगितले नव्हते.

"काका, कपिलची नोकरी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी क्लबला फोन केला होता हो. फोनवरची मुलगी म्हणाली, आल्लेस क्लार, सगळं ठीक, काही प्रॉब्लेम नाही. मला वाटलं झालं कॅन्सल! आणि आज हे स्वागताचं पत्र आलंय. ईमेल केली तर ती परत आली. क्लबवर गेले तर काचेला नुसते कागद चिकटवलेत, आत कोणी नाही."

"अगं, तोंडचं बोलणं इथे वाऱ्यावर जातं," काका चष्मा चढवून करार वाचू लागले. "क्लबच्या ऑफिसात जाऊन सही केली असतीस तर हा हक्क नव्हता. तू स्टॉलवर केलीस. आल्झो, म्हणजे मग चौदा दिवसांत विडररूफ करता येतो, म्हणजे करार मागे घ्यायचा, कारणसुद्धा द्यायचं नाही. आज कितवा दिवस?"

"चौदावा."

"मग आजच पाठवायला हवं, आणि पाठवल्याचा पुरावा हवा. पोस्ट बंद झालं. पण इथे खाली बघ, त्यांच्या मुख्य कचेरीचा फॅक्स नंबर आहे."

"अहो, पण त्या डब्यात अजून जीव आहे का?" काकूंनी विचारले. मित्रांनो, तो शब्द मला लागला. पण रुसायला वेळ कुठे होता?

काकांनी चार ओळी लिहिल्या, ईश्वरीने सही केली. मी नंबर लावला. लाईन व्यग्र. पुन्हा लावला, पुन्हा व्यग्र. तिसऱ्यांदा माझा रूळ अडकला आणि ईश्वरीने तोंडावर ओढणी धरली. माझ्या अंगातली होती-नव्हती ताकद मी लावली. चौथ्या वेळी पलीकडून ती ओळखीची शिट्टी आली. कागद आत गेला आणि मी पावती बाहेर काढली. तारीख, वेळ, नंबर, पान एक, ओके.

"जपून ठेव हो," काका म्हणाले.

तिने जपूनच ठेवली. आपल्याकडे महत्त्वाचा कागद कुठे ठेवतात? देवापुढे! तिने पावतीला हळदकुंकू लावले, ती देव्हाऱ्यात बाळकृष्णाला टेकवून ठेवली आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे निरांजन लावले.

तीन आठवडे मी दिवाणखान्यात विजेला जोडलेले होते. मग एका शनिवारी सकाळी काकूंनी निकाल दिला की हा डबा आता घराबाहेर जायला हवा. काकांनी माझी वायर काढून मला गाडीच्या डिकीत ठेवले. निघणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पोहे झालेत, खाऊन जा." आयुष्यभर मी त्या पोह्यांची ऋणी राहीन.

कारण काका पोहे खात असतानाच ईश्वरी अनवाणी जिना उतरून आली. एका हातात क्लबचे पत्र होते. तुमचा विडररूफ मुदतीत मिळालेला नाही, पुरावा असल्यास पाठवा. दुसऱ्या हातात माझी पावती होती. निरांजनाच्या शेकाने ती काळीठिक्कर पडली होती.

"काका, मी देवापुढेच ठेवली होती हो," एवढेच ती म्हणाली आणि जिन्यातच खाली बसली.

काका पोहे टाकून धावले. मला वर आणले, वीज जोडली. माझ्या पोटात पाठवलेल्या कागदांची यादी असते, पण ती टिकली आहे की गेली, ते माझे मलाच कळेना. माझा पडदा लुकलुकत राहिला. कपिलही खाली येऊन दारात उभा होता. ईश्वरीने काळा कागद त्याच्या हातात दिला आणि हुंदके देत सगळे सांगून टाकले. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

मला आठवले! कागदाचा रोल संपत आला होता, कडेला तांबडी रेघ दिसू लागली होती. त्या शेवटच्या वीतभर कागदावर मी ती ओळ पुन्हा लिहिली. तारीख, वेळ, नंबर, पान एक, ओके.

काकांनी लगेच तिचा फोटो काढला आणि साध्या कागदावर तीन प्रती छापल्या. दहा दिवसांनी क्लबचे उत्तर आले. करार रद्द.

कपिलला अजून नोकरी नाही. पण काल तो मला पुसायला खाली आला होता, आणि त्यांची शिल्लक अजून त्यांचीच आहे.

आज सकाळी मात्र मला निघावेच लागले. माझा कागद आता कुठे मिळत नाही. ईश्वरी आरती घेऊन आली, मला हळदकुंकू लावले आणि ओवाळले. निरांजन मात्र तिने हातभर लांब धरले होते.

मित्रांनो, सही करण्याआधी वाचा. नको असेल तर मुदतीत, लिहून कळवा. आणि पावती जपा, पण देवापुढे ठेवण्याआधी तिची प्रत काढा. आम्हा जुन्या यंत्रांनाही जरा जपा, आमच्या पोटात कोणाचे काय राहिले असेल, सांगता येत नाही.

माझी बॅटरी उतरत चालली आहे. सांगलीचा तो बूथ आता आठवत नाही. बारसे कोणाचे होते, तेही गेले. एक ओळ तेवढी अजून आहे.

पान एक, ओके.