मुकादमाच्या सुट्ट्या

टेबलाखाली शिरून तिने तिसऱ्यांदा वायर मोजल्या. चार. एक संगणकाची, एक पडद्याची, एक दिव्याची आणि एक इंटरनेटच्या डब्याची. पाचवी कुठे जाते हे पाहायचं होतं, पण पाचवी नव्हतीच. गुडघ्यांवर मागे सरकत ती बाहेर आली आणि उठताना टेबलाची कड डोक्याला बसली.

"लागलं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"आवाज तर झाला."

"टेबलाला लागलं."

फोनवर दाढीवाला अजून थांबलेला होता. बाबांच्या कामातला अकरा वर्षांचा भागीदार. दोघांनी एकमेकांना पाहिलं ते फक्त पडद्यावर. त्याचं नाव कधी आईच्या तोंडी बसलं नाही. ती दाढीवाला म्हणायची, म्हणून घरात सगळेच म्हणायचे.

"ताई, दुसरं एखादं मशीन असेल बघा," तो म्हणाला. "जुना लॅपटॉप वगैरे. लोक कपाटातसुद्धा ठेवतात."

"कपाट पाहिलं. कपाटात स्वेटर आहेत."

"स्वेटरांच्या मागे?"

"मागे भिंत आहे."

त्याने कपाटाचा नाद सोडला. मग म्हणाला, "आज बुधवार. शुक्रवारी बैठक आहे. मुकादम चालू झाला नाही तर दोन मोठ्या कंपन्या गवंडी वापरणं सोडणार, असं त्यांनी लिहूनच कळवलंय. त्या गेल्या की बाकीचे थांबत नाहीत. मी एकटा किती दिवस ओढणार?"

"बघते मी," ती म्हणाली. गेले तीन दिवस ती हेच म्हणत होती.

गवंडी हे बाबांनी घडवलेलं साधन. एखाद्या प्रोग्रामचे शेकडो तुकडे असतात. कुठला आधी, कुठला नंतर, कुठला कशावर टेकतो, हे पाहून ते सांधायचे आणि त्यातून चालणारी वस्तू उभी करायची. बाबांनी ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. कुणीही घ्यावं, कुणीही आत डोकावावं, पटलं नाही तर बदलावं. सांधा जुळला नाही की गवंडी मध्येच थांबायचा आणि काय काय केलं त्याची हजार-दोन हजार ओळींची जंत्री समोर टाकायचा. ती जंत्री वाचून भल्याभल्यांना घाम फुटे. म्हणून सहा वर्षांपूर्वी बाबांनी दाढीवाल्याला कळवलं होतं की, मुकादम बसवला आहे. मुकादमाच्या ईमेलवर जंत्री पाठवायची. तीन-चार तासांत दोन ओळींचं उत्तर यायचं.

'ओळ २१२. मागितलेली फाइल अजून तयारच झालेली नाही. क्रम बदला.'

'ओळ ४०. फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे. ती काढा.'

कधी नमस्कार नाही, कधी आभार नाही. जगभरातले लोक त्या दोन ओळींवर विसंबून होते.

"इतका चांगला प्रोग्राम त्यांनी आम्हाला कधी दाखवला का नाही, हे मला आजही कळत नाही," दाढीवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "पण चालतंय म्हटल्यावर कोण विचारतं? रोज दुपारी दोनेक तास बंद असायचा. आम्हाला वाटायचं, मशीन तापत असेल."

तो प्रोग्राम होता, याबद्दल तिला शंका नव्हती. बाबा गेले त्यानंतर सहा दिवस मुकादम गप्प होता. सातव्या दिवशी त्याने पुन्हा उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि पुढे सलग तीन आठवडे दिली. माणूस गेल्यावर उत्तरं येतात म्हणजे ती माणूस देत नाही. तिने हे कागदावरसुद्धा लिहिलं होतं, आणि खाली रेघ मारली होती. मग गेल्या शनिवारी दुपारी शेवटचं उत्तर, आणि तेव्हापासून काही नाही. एकोणचाळीस जंत्र्या पडून होत्या.

ती स्वतः नऊ वर्षं एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा पगार घेत होती. दहा दिवसांची रजा काढून आली होती ती बाबांचे कागद लावायला. आणि इथे आई-बाबांच्या दोन खोल्यांच्या घरात तिला एक अख्खा प्रोग्राम सापडत नव्हता. चालू असलेल्या कामांची यादी तिने पाहिली. ठरावीक वेळी आपोआप सुरू होणारी कामं पाहिली. एकेक फोल्डर उघडला. मिळाली ती फक्त 'उत्तरे' नावाची एक फाइल. तिच्यात दोनशे चौदा उत्तरं, क्रमांक घालून, नीट टाइप केलेली. भांडी सापडली होती. स्वयंपाक करणारा नव्हता.

आई दोनदा दारापर्यंत येऊन गेली. एकदा चहा ठेवला. एकदा काहीच न ठेवता नुसती उभी राहिली.

"काही हवंय?" तिने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"नाही. बस तू," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिने दुसरी वाट धरली. प्रोग्राम सापडत नाही, तर त्याचे खाडे पाहावेत. सहा वर्षांतल्या उत्तरांच्या तारखा तिने एकाखाली एक उतरवल्या आणि जिथे दोन दिवसांपेक्षा मोठी फट दिसली तिथे लाल पेनाने खूण केली. बिघाडाला आपली अशी वेळ असते. वीज जाते, डिस्क भरते, काहीतरी दर महिन्याला होतं. पण या फटींना ताल नव्हता. मेमध्ये नऊ दिवस. त्याआधी ऑगस्टमध्ये तीन. डिसेंबरच्या शेवटी एक आठवडा. एका फेब्रुवारीत फक्त शनिवार, रविवार आणि सोमवार.

फेब्रुवारीतला सोमवार तिला आठवला. त्या सोमवारी तिने खोटं कारण सांगून रजा वाढवली होती, कारण तिच्या मुलाला आजोबांसोबत आणखी एक दिवस हवा होता.

तिने फोन काढला आणि जुनी तिकिटं शोधायला लागली. मे, नऊ दिवस. ऑगस्ट, तीन. डिसेंबर. तिकिटं संपली तशा फटीही संपल्या. ज्या ज्या वेळी ती या घरात होती, त्या त्या वेळी मुकादम गप्प होता.

तिने पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. त्या दिवसांत बाबा सकाळपासून तिच्यासोबत गॅलरीत बसून असायचे, मुलाला तोंडपाठ गोष्टी सांगायचे, मध्येच झोपायचे. ती एकदा म्हणाली होती, बाबा, निवृत्त माणसाचं बरं असतं, काही काम नाही. त्यावर ते हसले होते, आणि ते कशाला हसले हे तिने विचारलं नव्हतं. म्हणजे ती यायची म्हणून ते बंद करून ठेवायचे? इतके लोक खोळंबून?

डोळे पुसून ती कागदाकडे पुन्हा वळली. शेवटची फट अजून उघडी होती. शेवटचं उत्तर शनिवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. ती घरी पोचली शनिवारी साडेचारला. बाबांना जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

तिने त्या दोन वेळांभोवती लाल गोल काढला. मग उठून स्वयंपाकघरात गेली.

आई मटार सोलत होती.

"आई, मी आले की संगणक कोण बंद करतं?"

"बंद कोण करेल? तूच तर बसलेली असतेस त्यावर."

"आत्ता. पण मेमध्ये?"

"मेमध्ये तुम्ही दोघं आला होतात."

"हो. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मुकादमाने एकही उत्तर दिलेलं नाही."

आईने एक शेंग दाबून फोडली. दाणे वाटीत पडले.

"घरी नातू आलेला, आणि मी लोकांच्या चुका काढत बसू?"

ती दाराच्या चौकटीला टेकली. "तू?"

"मग कोण? ह्यांना कुठे अक्षर दिसत होतं सहा वर्षं? कडेकडेचं दिसायचं. मधलं सगळं गेलेलं."

"बाबा म्हणायचे, भागतं माझं."

"भागतच होतं की."

"अगं, मी सोमवारपासून प्रोग्राम शोधतेय! कपाटातले स्वेटर उपसले!"

"बघितलं मी. घड्या बऱ्या घातल्यास."

तिला हसावं की ओरडावं हे कळेना. "सांगायचंस ना मग!"

आई सालं गोळा करायला लागली. पुसलेला ओटा तिने पुन्हा एकदा हाताने पुसला.

"तू त्यांच्या खुर्चीत बसून होतीस चार दिवस," ती म्हणाली. "मला वाटलं, बसायचंय तिला. बसू दे. मी नाही का बसत."

आई एकतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात होती. टायपिंग तर होतंच, पण तिचं खरं काम रुजवातीचं. मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे, आणि ओळीवर बोट ठेवून दोन्ही ताडून पाहायची. मजकुरात कोण कुणाची जमीन खातंय, कोण कुणाला सोडून गेलं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. अक्षराला अक्षर जुळलं की झालं. हे ती मुलीला लहानपणापासून सांगत आली होती, आणि मुलीने ते, मुली ऐकतात तसं, ऐकलं होतं.

"ह्यांनी सांगितलं होतं, एक बरा लॉग, म्हणजे काम नीट झालेल्याची जंत्री, डावीकडे ठेवायचा, बिघडलेला उजवीकडे," खुर्चीत बसत आई म्हणाली. तिने खुर्ची दोन बोटं वर घेतली, पडदा स्वतःकडे वळवला. "पहिली वेगळी ओळ दिसली की थांबायचं. पुढच्या शंभर चुका तिच्याच पोटातल्या असतात, त्या वाचायच्या नाहीत. मी ओळ वाचायची, हे उत्तर सांगायचे, मी टाइप करायची. पुढेपुढे तेच तेच यायला लागलं. मग मी उत्तरांची यादी केली. कशाला उगाच प्रत्येक वेळी त्यांना उठवायचं?"

"आणि बाबा गेल्यावर?"

"यादी होतीच की."

आईने चष्मा लावला. मुलगी शेजारी स्टूल ओढून बसली. पडद्यावर दोन जंत्र्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि आईची नजर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी खाली उतरायला लागली. ओठ किंचित हलत होते. सहाशे ओळी. तिने स्वतः इतक्या वेगाने कुणाला वाचताना पाहिलं नव्हतं, आणि त्यातला एकही शब्द आईला कळत नव्हता.

"हे बघ. इथे आकडा बदलला," आई म्हणाली. "हे एकशे सात नंबरचं."

'ओळ ३३१. जुन्या आवृत्तीचा तुकडा उरला आहे. सगळं पुसून पुन्हा सुरू करा.'

दुपारच्या जेवणापर्यंत नऊ उत्तरं गेली. जेवण, थोडी झोप, आणि मग आणखी चौदा. साडेचारला दाढीवाल्याचा निरोप आला. चालू झाला! तुमचे कसे आभार मानू? काय बिघडलं होतं?

ती उत्तर लिहायला लागली. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं आणि तेही पुसलं. कपाट, स्वेटर, भिंत, तिने त्या माणसाला आजवर दिलेली सगळी माहिती खरी होती, आणि तरी त्यातून त्याला काहीच कळलं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, 'बैठकीत सांगा की मुकादम चालू आहे. थोडा हळू चालेल. बाकी उद्या फोनवर बोलते.'

"कोण गं?"

"दाढीवाला. आभार मानतोय."

"पाठवू नकोस त्याला काही. बोलत बसतो," आई म्हणाली आणि पुढची जंत्री उघडली.

ही मोठी होती. आई खाली खाली जात राहिली, थांबली, वर गेली, पुन्हा खाली आली.

"इथे दोन ओळी उलट्या झाल्यात. बऱ्यात आधी ही आणि मग ती. बिघडलेल्यात आधी ती." तिने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. "पण माणूस तोच, मशीन तेच, वेळसुद्धा दहा मिनिटांच्या फरकाने. तो म्हणतो, मी काहीच बदललं नाही. एकदा होतं, एकदा होत नाही." तिने मान मागे वळवून बाबा पडून असायचे त्या खोलीकडे पाहिलं. "हे यादीत नाही. हे त्यांना विचारायला..."

आईचा हात माउसवर होता, तो तसाच होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती घेऊन झाली, इंजिन बंद झालं.

"मला वाचून दाखव," मुलगी म्हणाली.

"काय?"

"बाबांना वाचून दाखवायचीस तसं. वाच."

आईने घसा साफ केला आणि वाचायला लागली. अगदी सपाट आवाजात, प्रत्येक टिंब, प्रत्येक तिरकी रेघ उच्चारत, कोर्टात वाचतात तसं. ती डोळे मिटून ऐकत होती. सुरुवातीला तुकडे दिसले. हा त्याच्यावर टेकलेला, तो याची वाट पाहणारा. मग कुठेतरी दोन तुकडे एकाच वेळी निघाले आणि सगळं एकमेकांत मिसळलं. आई थांबली.

"काय लिहू?"

तिने डोळे उघडले.

"मला नाही कळत, आई."

आईने चष्मा नाकावर सारखा केला. तिला याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

"त्यांनाही पहिल्यांदा कळायचं नाही," ती म्हणाली, आणि माउसच्या चाकावर बोट ठेवून जंत्री पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत वर नेली.