काडी फिरली, फेस बसला

शिनोलीच्या रस्त्याला दर मंगळवारी जीपगाड्या उभ्या राहायला लागल्या आणि आमच्या घोडेगावच्या लॅबमधली गर्दी ओसरली. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली असायची. कुणाची सरबताची, कुणाची तेलाची धुऊन घेतलेली. आत ज्याची त्याची सकाळची लघवी. माणसं ती पिशवीत न लपवता, नैवेद्य आणावा तशी दोन्ही हातांनी धरून यायची.

निचराबाबा मांडवात बसायचे. बाटली जोरात हलवायची, वर फेस आला की डोळे मोठे करायचे आणि माइकवर सुरू व्हायचं.

"बघा मंडळी! किडनी म्हंजे देहाची गाळणी. त्यात करणीचं जहर अडाकलंय. डॉक्टर रक्त काडतो, आमी जहर काडतो!"

मग कापराच्या वासाची एक काडी बाटलीत फिरवायचे. फेस झरझर खाली बसायचा. मांडवात जयजयकार. बायका पदर डोळ्याला लावायच्या. भस्माची पुडी आणि ती काडी प्रसाद म्हणून घरी न्यायची. रोज सकाळी फिरवायची आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद, ही मुख्य अट.

सावळेरामतात्या त्या गर्दीत होते, म्हणून मी हे लिहायला बसले. एरवी कोण कुठल्या बाबाच्या नादी लागतो याचा हिशेब मी ठेवत नाही.

तात्या आमच्या शेजारचे. धंद्याने गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर रस उकळून गूळ उतरवणारा कारागीर. काहिलीतला फेस नुसता बघून, गूळ कधी उतरवायचा हे सांगायचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांची तपासणी मीच केली होती. साखर आणि रक्तदाब दोन्ही जुने. लघवीत प्रथिनं भरपूर, रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, २.४; ते सव्वाच्या आसपास हवं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं.

तीन महिन्यांनी तात्या आले ते हसत.

"रत्ना, फेस बसतोय बग आता. काडी फिरली की गपगार."

"तात्या, लघवीत प्रथिनांची पट्टी बुडवून बघू. रक्तही देऊन जा."

"अगं, जे डोळ्यानं दिसतंय त्याला पट्टी कशाला? तीस वरीस फेसच बघतोय मी. फेस मला फसवायचा न्हाई."

मी विनवलं, चिडले, तात्यांच्या बायकोला, झुंबरकाकूंनाही सांगितलं. काकू म्हणाल्या, "ते कुनाचं ऐकत्यात का बाई?" डॉक्टरांनी दोनदा फोन केला, तो तात्यांनी उचलला नाही. मोठ्या माणसाच्या दंडाला धरून सुई टोचता येत नाही. मी हात चोळत बसले.

गेल्या सोमवारी काकूंनी त्यांना रिक्षातून आणलं. पाय सुजलेले, अन्नाचा वास नकोसा झालेला. क्रिएटिनिन ८.१ आलं. मी नमुना पुन्हा लावला. तेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे निघताना तात्या अडून बसले. आधी बाबाला विचारायचं म्हणाले. मी म्हटलं, चला, मीही येते. माझ्याही हातात एक बाटली होती.

बाबांनी ती हलवली. दाट फेस आला.

"लई जुनं जहर हाय, पोरी!" काडी फिरली, फेस बसला. "जा, किडनी नव्यासारखी झाली!"

"बाबा, यात माझी लघवी नाही," मी मोठ्याने म्हणाले. "पाण्यात अंड्याचा पांढरा भाग ढवळलाय आणि रंगाला थोडा चहा. अंड्याला किडनी कधीपासून आली?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी लॅबमधली पट्टी बाटलीत बुडवली. पिवळ्या पट्टीवर हिरवा रंग चढला, म्हणजे प्रथिनं होती तेवढीच आतमध्ये होती. नुसता फेस गेला होता. मग बाबांनी प्रसाद म्हणून दिलेली काडी कागदावर दाबली. कागदावर तेलाचा पारदर्शक डाग पसरला.

तात्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, डाग बोटांत चोळून पाहिला आणि खाली बसले.

"एरंडेल," ते हळू म्हणाले. "काहील उतू जाया लागली की मी सोता थेंब टाकतो ह्याचा. फेस बसतो. रस तसाच ऱ्हातो. मला कसं कळलं न्हाई गं?"

मला रडू आलं, ते लपवलं नाही.

बाबा म्हणाले, "अविश्वासी माणसाला गुण येत न्हाई," आणि पुढच्या बाईची बाटली घेतली. तिने ती दिलीही. अर्धा मांडव आमच्याबरोबर उठला, अर्धा बसूनच राहिला.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डायलिसिस सांगितलं. आठवड्यातून दोनदा, बहुधा कायमचं. तात्यांनी विचारलं, "आजपास्नं गोळ्या नेमानं घेतल्या तर?" डॉक्टर म्हणाले, "घ्यायच्याच आहेत. पण जेवढी किडनी गेली, तेवढी परत येणार नाही."

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. किडनी बहुतेक वेळा दुखत नाही. बरीचशी निकामी होईपर्यंत ती गप्प राहते. फेस कधी असतो, कधी नसतो. त्यावरून स्वतःच निदान करू नका. साखर किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. थोडी लघवी आणि सुईभर रक्त, एवढंच लागतं.

काल डायलिसिसच्या खुर्चीत तात्यांनी मला विचारलं, "तू तवा मला ओढत का न्हाई नेलंस?" मी त्यांचा हात धरून बसले. मशीन चालू होतं आणि अजून तीन तास बाकी होते.