अबूना बिसादांनी चहा घेतला

बुक्तुरने चहाचा पेला अबूनांच्या पुढ्यात ठेवला आणि मी बाकाखालून अबूनांच्या पायावर पाय दिला. चुकून लागला असं त्यांना वाटलं असावं, म्हणून मी पुन्हा दिला. रविवारची सकाळ होती, थोड्याच वेळात चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे वेदीपुढची मोठी प्रार्थना, सुरू व्हायची होती, आणि मिस्सा करणाऱ्या याजकाने, म्हणजे अबूनांनी, आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नसतो. हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बुक्तुर तर साठीला आलेला माणूस, त्याला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने पेला ठेवला होता.

मी सिदराक, चर्चचा भटारी. वेदीवर जाते ती भाकर गेली बावीस वर्षं मीच भाजतो, ज्या दिवसाची त्याच दिवशी, स्तोत्रं म्हणत, मीठ न घालता. त्या दिवशी भाकरी भट्टीतून काढून हात धूत होतो तोच आमचे धर्मगुरू अबूना बिसादा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चल माझ्याबरोबर. कुठे, कशाला, काही नाही. पीठ लागलेल्या कपड्यांनिशी निघालो. वाटेत बुक्तुरचं नाव ऐकलं तेव्हा परत फिरावंसं वाटलं, कारण त्या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण अबूनांना साक्षीदार हवा होता.

बुक्तुर आणि नसीम सख्खे भाऊ. त्यांचं भांडण ना जमिनीचं, ना पाण्याचं. बाप गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला नसीम थोरल्याच्या घरी आला तो कुणाचं तरी बोलणं डोक्यात घेऊनच आला, समोर आलेला चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. आमच्याकडे एखाद्याच्या घरचा चहा न पिता उठणं म्हणजे त्याला माणसात न धरणं. तेही साऱ्या गावादेखत. नसीम लवकरच नरमला, माफी मागायला दोनदा गेला, पण बुक्तुरने दार उघडलं नाही. दोन वर्षं असंच चाललं. अबूना या दारातून त्या दारात हेलपाटे घालून थकले. आता नसीमच्या हृदयाची झडप बदलायची होती. सात वाजता गाडी येऊन त्याला कैरोला नेणार होती, आणि तो परत येईलच असं सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

"तो सातला निघतोय बुक्तुर," अबूना म्हणाले. "जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेव. मी बाकी काही मागत नाही."

"त्याने माझा चहा टाकला."

"टाकला. चुकलाच तो."

"मग तुम्ही नका टाकू. हा पेला घ्या, मी लगेच उठतो. नाही घेतलात तर मी असं समजेन, की अबूनासुद्धा माझ्या घरून चहा न घेता गेले."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बुक्तुर, जरा लाज बाळग, आज वार कोणता आहे. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सिदराककाका, तुम्ही आपली भट्टी सांभाळा." अबूनांनी नाही म्हणावं आणि आपण सुटावं, हा त्याचा डाव मला दिसत होता. उद्या गाव विचारेल तेव्हा सांगता येईल की मी तयार होतो, अबूनाच चहा प्यायले नाहीत.

अबूना पेल्याकडे बघत राहिले. या माणसाचा एकतीस वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. मुळात ते शाळेत गणित शिकवायचे. गावकऱ्यांनी अक्षरशः हाताला धरून ओढत बिशपांपुढे नेऊन त्यांना याजक केलं, त्या ओढणाऱ्यांत याच बुक्तुरचा बाप पुढे होता. आईला शनिवारी पुरलं आणि रविवारी हा माणूस वेदीपुढे उभा होता. ताप असो, पायाचं हाड मोडलेलं असो, गावाची मिस्सा झालीच पाहिजे. एका थेंबाने आज ती बुडणार होती, आणि गावात दुसरा याजक नव्हता.

त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली, पेला उचलला आणि प्यायले. नुसता ओठाला लावला असता तरी चाललं असतं, पण नाही, सावकाश, तळाची साखर येईपर्यंत प्यायले. मी डोळे मिटून घेतले.

"इन्साफला सांग, चहा छान झालाय," ते म्हणाले. इन्साफ म्हणजे बुक्तुरची बायको. ती दाराआड तोंडावर हात धरून उभी होती.

बुक्तुरचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं. चल आता, उशीर होतोय."

नसीमच्या दारात गाडी लागली होती. तो मागच्या बाकावर, पाठीला उशी लावून बसला होता, मरणाचा थकलेला. बुक्तुर पायात घरच्या सपाता घालून तसाच आला होता. गाडीचं दार उघडून तो तिथेच थांबला. डोक्यावर हात ठेवायचा म्हणून आलेला माणूस, पण हात काही वर जाईना. मग तो म्हणाला, "सरक."

नसीमने विचारलं, "तू कुठे निघालास?"

"कैरोला. तिथे कागदांवर सही कोण करणार, ड्रायव्हर?"

नसीम सरकला. बुक्तुर आत शिरून बसला, आणि बसल्यावर धाकट्याचं डोकं धरून आपल्या छातीशी लावलं. दोघेही एवढ्या मोठ्याने रडले की ड्रायव्हरने गाडी बंद केली. इन्साफ मागून बूट आणि शाल घेऊन धावत आली, ते तिने खिडकीतून आत टाकले. मीही रडलो, सांगायला लाजत नाही. गाडी कालव्यावरून वळून दिसेनाशी झाली तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मग चर्चची घंटा वाजली आणि धोंडा परत येऊन बसला.

अबूनांनी रस्त्यातच बिशपांना फोन लावला, आम्ही त्यांना सय्यदना म्हणतो. मला एकच बाजू ऐकू येत होती. "नाही सय्यदना, विसरून नाही. जाणूनबुजून घेतला." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. "हो, चूक माझीच. गावाला ताटकळत ठेवलं." पुन्हा ऐकणं. "हो, दोघे गेले. एकाच गाडीतून." फोन ठेवून म्हणाले, मंगळवारी बोलावलंय, ओरडा बसणार आहे. पण शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये आज दोघे याजक आहेत, त्यातल्या धाकट्याला इकडे पाठवतायत. माझ्या जिवात जीव आला. भाकर तरी वाया जाणार नव्हती.

चर्च गच्च भरलं होतं. अबूना पांढरा झगा न चढवता रोजच्या काळ्या कपड्यांतच वेदीच्या पडद्यासमोर उभे राहिले, तेव्हाच कुजबुज सुरू झाली. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. मी सकाळी चहा घेतला, मला वेदीपाशी जाता येणार नाही, दुसरे अबूना येईपर्यंत थांबावं लागेल, भाकर घेईपर्यंतचा तुमचाही उपास लांबला, मला क्षमा करा. कुणाच्या घरी घेतला, का घेतला, यातलं एक अक्षर नाही. बुक्तुरचं नाव त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. पण आमच्या गावात बातमीला पाय लागतात ते असे, की अबूनांचं बोलणं संपायच्या आत मागच्या बायकांना पेल्यात साखर किती होती तेही कळलेलं होतं.

तेवढ्यात इन्साफ आली, हातात फोन. अबूनांच्या जवळ जाऊन हळू बोलली, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "गाडीत भांडतायत दोघे. हा म्हणतो खिडकी उघड, तो म्हणतो लाव." अबूना चर्चमध्ये एवढ्या मोठ्याने हसलेले मी कधी पाहिले नव्हते. मग सगळेच हसले.

तरुण अबूना मत्तियास दीड तासाने आले, धुळीने माखलेले आणि घाबरलेले. बिसादांनीच त्यांच्या हातांवर पाणी घातलं, जे काम सेवकाचं असतं. मग ते मागे चालत गेले, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, जिथे उपास मोडलेले आणि उशिरा आलेले बसतात. मी त्यांच्याकडे वळून वळून बघत होतो. प्रार्थनेत याजकाची ओळ आली की त्यांचे ओठ हलायचे आणि मग मिटायचे. आपल्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, एकदा गुडघ्यावर ठेवायचे, एकदा छातीवर.

पवित्र भाकर घेऊन लोक वेदीपुढच्या पायऱ्या उतरू लागले. ती घेतल्यावर आम्ही तोंडावर पांढरा रुमाल धरतो, कण पडू नये म्हणून, आणि बोलत नाही. घेतल्यावर जो तो आपल्या जागेवर जाऊन बसतो, हा रिवाज. पण त्या दिवशी सर्वांत पुढे होती ती म्हातारी वनीसा, साऱ्या गावाची खोडी काढणारी, ती आपल्या जागेवर गेलीच नाही. काठी टेकत पार मागे गेली, शेवटच्या बाकापुढे थांबली आणि अबूनांपुढे मान लववली. तिच्या मागचा माणूसही तिकडेच गेला. मग त्याच्या मागचा.

कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सगळं गाव तोंडावर रुमाल धरून ओळीने मागे चाललं होतं. माझी पाळी आली तेव्हा मला खूप काही बोलायचं होतं, पण बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं. अबूना उठून उभे राहिले होते. एरवी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवणारा तो माणूस, त्या दिवशी मात्र प्रत्येकासमोर स्वतःची मान लववत होता. शेवटचा माणूस निघून गेला तरी ते तसेच उभे होते, खाली बघत.