चोरून मारलेल्या किका

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि थंडीत मला उठवणं म्हणजे जिकिरीचं काम, हे आधीच सांगून टाकते. माझ्या पोटातलं ऑइल गारठून घट्ट होतं, पेट्रोलही आळसावतं. अशा वेळी चोक ओढावा, दमदार किक मारावी आणि जरा धीर धरावा. एवढंच माझं मागणं. पण माणसांना धीर कुठला!

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. मला घेतलं एका सुतारानं. त्याच्या खुर्च्या पाठीवर उलट्या बांधून मी गावभर हिंडले. लोक हसायचे, "आली बघा शिंगं फुटलेली गाडी!" मला मात्र कोण अभिमान! सुताराची लेक, ठमी, माझ्या टाकीवर बसूनच लहानाची मोठी झाली. पुढे ती मला चालवायला शिकली, माझं दुखलंखुपलंही तिलाच कळायचं. मग सुतारानं घराखालीच दुकान थाटलं, त्याचा गुडघाही कुरकुरायला लागला, आणि मी भुशाच्या पोत्यांशेजारी ताडपत्री पांघरून पडून राहिले. वाईट वाटायचं हो. कधीमधी ठमी येऊन सीट पुसून जायची, तेवढाच जिवाला आधार.

त्या हिवाळ्यात घरात भांडण पेटलं. ठमीला लांबच्या बंदरावर, होड्या बांधायच्या कारखान्यात काम मिळालं. सुताराला तर दुकान तिच्या हाती द्यायचं होतं.

"खुर्च्या काय वाईट आहेत?" तो गरजला.

"वाईट नाहीत, बाबा. पण मला होड्या करायच्यात."

झालं! अबोला सुरू. एकाच टेबलाशी बसून ठमी म्हणायची, "आई, त्यांना सांग, माझी बस सोमवारी सकाळी आहे." तो म्हणायचा, "तिला सांग, स्टँडवर मी सोडीन." आई कपाळाला हात लावायची. "मी काय टपाल खात्यात आहे का?"

सोमवारी कडाक्याची थंडी पडली. उजाडता उजाडता सुतार चोरपावलांनी खाली आला. ऐन वेळी मी अडून बसले तर लेकीची बस चुकेल, म्हणून मला आधीच तापवून ठेवायचा त्याचा बेत. त्यानं चोक ओढला. पण लेकीची झोप मोडू नये म्हणून बिचारा किक मारायचा तीही हळूच, गोंजारल्यासारखी. अशानं मी कशी उठणार? पेट्रोल तेवढं आत येत राहिलं. दमून तो पुन्हा पांघरुणात शिरला.

थोड्या वेळानं ठमी आली, अनवाणी. "बाबांच्या गुडघ्याला किकचा त्रास नको," असं पुटपुटत तिनंही मला हळूच किका मारल्या. का, तर बाबा जागे होऊ नयेत! मी सुरू झाले असते तर अख्खी गल्ली उठली असती, पण मायेत एवढा विचार कोण करतो? मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पेट्रोलनं माझा जीव गुदमरला होता.

सामान खाली आलं. आता सुतारानं सगळ्यांसमोर जोरात किक मारली. पुन्हा मारली. मी ढिम्म. त्यानं टाकी हलवून पाहिली, पेट्रोल होतं. पेट्रोलचा कॉकही उघडा होता. ठमीचा चेहरा उतरत गेला, आणि कितीतरी दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलली.

"बाबा, मी जाऊ नये म्हणून तुम्हीच काही केलंत का?"

प्लग काढायला घेतलेला पाना सुताराच्या हातात तसाच राहिला. माझ्या काळजात चर्र झालं. ही पोर असा संशय मनात घेऊन गेली, तर बापलेकीचं पुन्हा जुळायचं नाही, आणि निमित्त होणार मी! सुतार कण्हत खाली बसला आणि त्यानं माझा प्लग काढला. प्लग ओलाचिंब.

"ही तर पेट्रोल पिऊन बसलीय," तो म्हणाला. "पहाटे मी थोड्या किका मारल्या, पण एवढं?"

"तुम्ही पहाटे आला होतात?"

"तुझी बस चुकू नये म्हणून."

ठमी त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "मीही आले होते. तुमचा गुडघा..."

"दोघांनी मिळून बुडवलंत बिचारीला!" म्हणत आईनं प्लग ओढून घेतला आणि फडक्यानं खसखसून कोरडा केला. ठमीनं चोक बंद केला, मूठ पूर्ण पिळली आणि किका मारून माझ्या आतलं साचलेलं पेट्रोल बाहेर काढलं. मग प्लग परत बसवला.

"आता मार बिनधास्त," सुतार म्हणाला. "झोपलेलं कोणी उरलं नाही."

आणि मित्रांनो, मी धडाडून उठले!

ठमीनं मला चालवलं, तो मागे तिची पेटी सांभाळत बसला. बस निघायच्या बेतात होती. "बंद करू नकोस गं, पुन्हा रुसली तर?" सुतार म्हणाला, म्हणून मी तशीच फटफटत राहिले. ठमी उतरली. तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात, बाबा?"

तो पुन्हा पुटपुटला. माझ्या आवाजात तिला ऐकू येईना. शेवटी तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "म्हटलं, जा! खुशाल जा! मला अभिमान वाटतो तुझा!"

अख्खा स्टँड वळून बघायला लागला. ठमी रडता रडता हसली, त्याच्या गळ्यात पडली आणि धावत बसमध्ये चढली.

मित्रांनो, थंडीत जुन्या गाडीवर चिडू नका, तिला जरा वेळ द्या. आणि घरच्या माणसांसाठी जीव तुटत असेल, तर ते त्यांच्या कानावर घाला. त्या सकाळी बस दिसेनाशी होईपर्यंत सुतार हात हलवत, "पोचल्यावर फोन कर!" असं ओरडत राहिला, आणि मी एकदाही बंद पडले नाही.